डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी संशोधनपद्धती: आपल्याच शिवारातून शिकण्याची एक रीत

यवतमाळ, वर्धा किंवा बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या गावातून अभियांत्रिकी, वास्तुकला, ललित कला किंवा गृहविज्ञान यांपैकी एखादी पदवी घेऊन एम.डेस. या डिझाइनमधील पदव्युत्तर पदवीकडे वळणारा विद्यार्थी रेखाटन, मॉडेल आणि सॉफ्टवेअर यांची तयारी मनापासून करतो, परंतु पहिल्याच वर्षी तो अडखळतो तो संशोधनपद्धतीपाशी. सीड किंवा एनआयडीची डॅट या प्रवेशपरीक्षांत या विषयाची वेगळी प्रश्नपत्रिका नसल्यामुळे त्याकडे आधी लक्ष जात नाही, आणि पुढे प्रकल्पाची मुदत जवळ आली की पन्नास जणांकडून प्रश्नावली भरून घ्यावी, चार आलेख काढावेत आणि त्याला संशोधन म्हणावे, असा मोह होतो. हा विषय शिकवणी किंवा महागडी पुस्तके यांच्याविना, आपल्याच गावाच्या शिवारात बऱ्याच अंशी शिकता येतो. येथे त्यासाठी कापूस वेचणीचे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे, कारण पद्धतींची नावे पाठ करून पद्धत अंगी येत नाही. एक प्रश्न धरून त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा केल्यानेच ती येते. धानपट्ट्यातील विद्यार्थ्याने याच जागी रोवणी घ्यावी, वरूड-मोर्शीकडच्या विद्यार्थ्याने संत्र्याची तोडणी घ्यावी; पुढील क्रम फारसा बदलणार नाही.

प्रश्न आणि काम यांतील फरक

ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकण्यासाठी कमरेला बांधायची कापडी झोळी. 'वेचणी करणाऱ्या स्त्रियांसाठी सुधारित ओटी तयार करणे' हे काम झाले, संशोधनाचा प्रश्न नव्हे. त्यात उत्तर आधीच ठरले आहे, ते म्हणजे ओटीच हवी आणि ती सुधारलेलीच असणार. प्रश्न असा असू शकतो: वेचणाऱ्या स्त्रीच्या अंगावर दिवसभरात भार केव्हा, किती आणि कोणत्या कृतीमुळे येतो, आणि मजुरी किलोवर मिळत असताना त्यातील कोणता भार कमी करून घेण्यास ती स्वतःहून तयार होते? या प्रश्नाचा पूर्वार्ध मोजमाप मागतो, तर उत्तरार्ध निरीक्षण आणि मुलाखत मागतो. म्हणजे पद्धत कोणती घ्यावी हे प्रश्नानेच सांगितले. विद्यार्थी बहुधा याच्या उलट करतात. 'मी मुलाखती घेणार आहे' हे आधी ठरते आणि मुलाखतीत मावेल एवढाच प्रश्न मागाहून शोधला जातो.

प्रश्न तयार झाला की त्यातून कोणत्या प्रकारचे ज्ञान निघणार, हे स्वतःला विचारावे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली मांडलेली विभागणी यासाठी अजून उपयोगी पडते. डिझाइनविषयीचे संशोधन, उदाहरणार्थ विदर्भातील शेतीअवजारांचा इतिहास. डिझाइनद्वारे होणारे संशोधन, ज्यात वस्तू घडवत जाणे हीच शोधाची वाट असते. आणि डिझाइनसाठीचे संशोधन, ज्यातील माहिती एखाद्या वस्तूच्या उभारणीत खर्ची पडते. एम.डेस.चे बहुतेक प्रकल्प तिसऱ्या प्रकारचे असतात आणि त्यात काही कमीपणा नाही. पीएच.डी.ला मात्र तेवढे पुरत नाही. तेथे ओटी उत्तम झाली एवढे सांगून भागत नाही, तर ती घडवताना असे काय कळले जे त्या ओटीपलीकडे, इतर भारवाही कामांना आणि इतर डिझाइनरांना उपयोगी पडेल, हे सांगावे लागते.

प्रश्नाबरोबरच निकषही आधी लिहावेत. याचा एक उत्तम नमुना आपल्याच इतिहासात आहे. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा 'चांगला चरखा' एवढेच म्हटले नव्हते. चरखा हाताने किंवा पायाने चालावा, स्त्रीला फारसे श्रम न होता सलग आठ तास त्यावर काम करता यावे, त्या आठ तासांत ठरावीक क्रमांकाचे १६,००० फूट सूत निघावे आणि किंमत १५० रुपयांच्या आत राहावी, अशा अटी होत्या. प्रत्येक अट मोजून तपासता येण्यासारखी होती, आणि म्हणूनच बक्षीस कोणालाच न देण्याचा निर्णयही अटींकडे बोट दाखवून घेता आला. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगांची साधने जपून आहे. डिझाइनच्या विद्यार्थ्याने तेथे एक दिवस वही घेऊन जावे आणि एखादे साधन पाहून ते कोणत्या अटींतून जन्मले असेल, याची यादी उलट्या दिशेने करून पाहावी. हा सराव कोणत्याही वर्गातील पहिल्या चार व्याख्यानांच्या तोडीचा आहे, असे माझे मत आहे.

पाहणे

वाचन आधी करावे की शिवारात आधी जावे, याबद्दल मतभेद आहेत. माझा सल्ला असा की एकदा तरी न वाचता जावे, मग वाचावे, आणि मग पुन्हा जावे. पहिल्या फेरीत विद्यार्थ्याने काही विचारू नये, काही सुधारू नये. सकाळी दव उतरल्यापासून सायंकाळी काटा, म्हणजे वेचलेल्या कापसाचे वजन, होईपर्यंत एकाच गटाबरोबर राहावे. वहीच्या पानाचे तीन भाग करावेत: पाहिले, ऐकले आणि वाटले. 'ती थकली होती' हे पाहिलेले नसून वाटलेले आहे. पाहिले ते एवढेच की ओळीच्या शेवटी तिने डावा हात कमरेवर ठेवला आणि ओटी रिकामी करण्याआधी ती थोडा वेळ उभी राहिली. हे तीन भाग वेगळे ठेवण्याची सवय लागली की संशोधनपद्धतीचा निम्मा विषय हाती आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

गावच्याच विद्यार्थ्यापुढे येथे एक विशेष अडचण असते. बाहेरून आलेल्याला जे नवे दिसते, ते याला दिसतच नाही, कारण पऱ्हाटी (कपाशीची झाडे), धुरा (शेताचा बांध), बोंडे, गाठोडे हे सगळे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. त्यावर उपाय म्हणून ठरावीक अंतराने नोंद करण्याची पद्धत वापरावी. दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहावे आणि त्या क्षणी ती स्त्री नेमके काय करते आहे, तेवढेच लिहावे: वाकून वेचते, उभ्याने वेचते, ओटी घेऊन धुऱ्याकडे चालते, पाणी पिते, बोटात शिरलेले कुसळ काढते. अशा क्षणनोंदींची पद्धत एल. एच. सी. टिपेट या संख्याशास्त्रज्ञाने ब्रिटनच्या सूतगिरण्यांतील कामाच्या अभ्यासासाठी वापरली होती. दिवसाअखेर नोंदी मोजल्या की वेचण्यात, चालण्यात आणि उभे राहण्यात दिवसाचा किती वाटा जातो, याचा अंदाज येतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्या समजुतीशी जुळत नाही.

या टप्प्यावर छायाचित्रे मोजकी घ्यावीत आणि बाजूने घ्यावीत, म्हणजे पुढे पाठीचा कोन मोजता येतो. सेल्फीच्या कोनातून काढलेल्या छायाचित्राचा विश्लेषणाला काही उपयोग नाही.

विचारणे, आणि विचारण्याचा अधिकार

किलोवर मजुरी मिळणाऱ्या स्त्रीशी कामाच्या वेळी पंधरा मिनिटे बोलणे म्हणजे तिच्या मजुरीतून पंधरा मिनिटे कापणे होय. म्हणून मुलाखत काट्यानंतर, तिच्या सवडीने घ्यावी, किंवा तिच्या वेळेचा मोबदला काय द्यायचा हे मार्गदर्शकाशी आधी ठरवून घ्यावे. विद्यार्थी जर त्याच शेताच्या मालकाचा मुलगा किंवा पुतण्या असेल, तर त्याने त्या शेतात मुलाखती घेऊच नयेत. मालकाच्या घरच्या माणसापुढे मजुरी, दुखणे किंवा काट्यातील फरक याबद्दल मोकळे उत्तर मिळणे शक्य नाही. मुलाने एकट्याने जाण्यापेक्षा वर्गातील एखादी मुलगी किंवा बचत गटातील ओळखीची ताई सोबत असावी. या गोष्टी सौजन्याच्या वाटतात, पण त्या माहितीच्या खरेपणाशी निगडित आहेत आणि प्रबंधात त्या लिहाव्याही लागतात.

वही घेऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न बहुधा असा येतो: "काही योजना आली काय?" याचे उत्तर सरळ द्यावे: योजना नाही, मी विद्यार्थी आहे, यातून काही मिळेल असे वचन मी देऊ शकत नाही, आणि नको वाटले तर मध्येच थांबता येईल. संमतीचा कागद सोप्या मराठीत, जमल्यास गावच्या बोलीत लिहून वाचून दाखवावा. मुलाखत, आवाजाची नोंद आणि छायाचित्र यांसाठी वेगवेगळी संमती घ्यावी, कारण बोलायला तयार असलेली स्त्री चेहरा दाखवायला तयार असतेच असे नाही. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्यांत काम असेल, तर दुभाष्या कोण आहे आणि त्याचे गावात स्थान काय आहे, याचीही नोंद हवी. काही ठिकाणी एकेकट्याची संमती पुरत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे अभ्यासगट आणि सर्वसहमतीचे निर्णय यांची दीर्घ परंपरा आहे, आणि अशा गावात आपला विषय ग्रामसभेपुढे मांडणे हीच पहिली पायरी ठरते. संस्थेत नैतिकता समिती असेल, तर शिवारात जाण्यापूर्वीच तिची मंजुरी घ्यावी. मागाहून घेतलेल्या मंजुरीला अर्थ नसतो.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. "मावशी, या ओटीनं पाठ दुखते काय?" असे विचारले की "दुखते नं बापा" असे उत्तर येते, आणि विद्यार्थी ते आनंदाने लिहून घेतो. वास्तविक हे उत्तर प्रश्नानेच दिलेले असते. त्याऐवजी, "मावशी, कालच्या वेच्यात ओटी शेवटच्या वेळी खाली केली तेव्हापासून काय काय झालं, ते सांगा नं," असे विचारावे. 'साधारणपणे काय करता' यापेक्षा 'काल काय केले' याचे उत्तर अधिक खरे असते. त्यानंतर शांत राहावे. बहुतेक नवख्यांना ही शांतता सहन होत नाही आणि ते पुढचा प्रश्न विचारून मोकळे होतात. वास्तविक महत्त्वाचे वाक्य पुष्कळदा त्या थांबण्यानंतरच येते. दुखण्याबद्दल विचारायचे झाल्यास शरीराची आकृती पुढे ठेवून बोट ठेवण्यास सांगावे. कॉर्लेट आणि बिशप यांनी १९७६ साली रूढ केलेला हा शरीर-नकाशा अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीलाही वापरता येतो. तो सकाळी, दुपारी आणि काट्यानंतर असा तीनदा वापरला, तर दुखणे दिवसभरात कोठून कोठे सरकते तेही दिसते.

मुलाखत उतरवताना वऱ्हाडी वऱ्हाडीतच ठेवावी. उतरवता उतरवता प्रमाण मराठी आणि तीतून पुन्हा इंग्रजी केली की दोनदा गाळलेली माहिती हाती राहते. इंग्रजी फक्त प्रबंधात जी वाक्ये उद्धृत करायची तेवढ्यांचे, अगदी शेवटी करावे.

वाचन

पहिल्या फेरीनंतर केलेले वाचन वेगळेच असते, कारण आता काय शोधायचे ते ठाऊक असते. गावात पुस्तके नाहीत ही सबब पूर्वी खरी होती. आज शोधगंगेवर देशातील विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात, एनपीटीईएल आणि 'स्वयं' या ऑनलाइन शिक्षणमंचांवर संशोधनपद्धतीचे अभ्यासक्रम आहेत, आणि १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना अनेक सशुल्क नियतकालिके खुली झाली आहेत. प्रबंध पहिल्या पानापासून वाचू नये. पद्धतीचे प्रकरण आणि मर्यादांचा भाग आधी वाचावा. ज्या प्रबंधात मर्यादा अर्ध्या पानात आटोपल्या आहेत, त्याच्या निष्कर्षांवर जरा कमीच विश्वास ठेवावा. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या विनामूल्य साधनात साठवावेत.

डिझाइनच्या विद्यार्थ्याचे वाचन डिझाइनपुरते राहिले की घात होतो. वेचणीचेच पाहा. ओटी हलकी करायची म्हणून विद्यार्थ्याला प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्याचे कापड सुचते. ते स्वस्त, टिकाऊ आणि कोठेही मिळणारे असते. परंतु त्याचे धागे कापसात मिसळले की ते जिनिंगमध्ये निघत नाहीत, सुतात आणि कापडात उतरतात आणि मालाची प्रत घसरते. म्हणूनच वेचणीसाठी सुती कापडच वापरावे, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत. हे डिझाइनच्या नियतकालिकांत सहसा सापडणार नाही. त्यासाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांची प्रकाशने पाहावी लागतात, आणि एकदा जिनिंगमध्ये जाऊन कचरा वेगळा कसा काढतात ते पाहावे लागते. विदर्भातील विद्यार्थ्याला या संस्था एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत, हा त्याचा मोठा लाभ आहे आणि त्याचा उपयोग फार थोडे जण करतात.

मोजणे आणि ताडून पाहणे

मोजमापाला मोठी उपकरणे लागतात असे नाही. ओटी रिकामी करण्यापूर्वी लटकत्या काट्यावर तिचे वजन घ्यावे, वेळ लिहावी आणि ती किती अंतर वाहून नेली ते पावलांनी मोजावे. शरीराच्या ठेवणीसाठी रूला (१९९३) आणि रेबा (२०००) या दोन गुणपद्धती सर्वत्र वापरल्या जातात. रूलाचा भर मान, धड आणि हातांवर आहे, तर रेबा पायांसह संपूर्ण शरीराचा विचार करते. म्हणून वेचणीसारख्या वाकून, चालून आणि भार घेऊन करायच्या कामाला रेबा अधिक योग्य ठरते. गुण देताना एकच छायाचित्र दोघांनी एकमेकांना न विचारता पाहावे आणि गुण जुळतात का ते तपासावे. ते जुळले नाहीत, तर दोष बहुधा छायाचित्राच्या कोनाचा किंवा नियम समजण्याचा असतो, आणि तो आधी दूर करावा.

गावच्या शिंप्याकडून दोन-तीन नमुने शिवून घेतल्यावर त्यांची जुन्या ओटीशी तुलना करायची असते, आणि येथे सर्वांत जास्त चुका होतात. सकाळी जुनी आणि दुपारी नवी ओटी दिली, तर आकडे निरर्थक होतात, कारण सकाळच्या कापसात दवाचा ओलावा असल्याने तो जड भरतो, दुपारी ऊन आणि थकवा असतो, आणि पहिल्या वेच्यात (वेचणीच्या पहिल्या फेरीत) झाड जितके भरलेले असते तितके तिसऱ्यात नसते. म्हणून प्रत्येक स्त्रीने दोन्ही ओट्या वापराव्यात. निम्म्या जणींनी जुनीपासून आणि निम्म्या जणींनी नवीपासून सुरुवात करावी, आणि तुलना एकाच शेतातील, एकाच वेच्यातील, दिवसाच्या त्याच वेळेची असावी. पाठीचा त्रास कमी झाला पण दिवसाचे वजन दोन किलोने घटले, तर ती ओटी नाकारली जाईल आणि ते नाकारणे पूर्णपणे शहाणपणाचे असेल. प्रबंधात ते अपयश म्हणून झाकू नये, निष्कर्ष म्हणून लिहावे.

किती जणी हव्यात? जेकब नील्सन यांच्या आधाराने 'पाच जण पुरतात' असे वाक्य सर्रास फेकले जाते. त्यांचे म्हणणे वापरातील दोष शोधण्यापुरते आहे: साधारण पाच जणांच्या चाचणीत बहुतांश दोष उघडे पडतात, मग ते सुधारून पुन्हा चाचणी घ्यावी. 'जिल्ह्यातील इतक्या टक्के स्त्रियांना पाठदुखी आहे' असे विधान पाच जणींवरून करता येत नाही, आणि नीट निवड न करता घेतलेल्या पाचशे जणींवरूनही करता येत नाही.

मुलाखतींच्या विश्लेषणासाठी जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची पद्धत शिकायला सोपी आहे. एका चिठ्ठीवर एकच नोंद लिहावी, सर्व चिठ्ठ्या ओसरीवर पसराव्यात आणि आधी ठरवलेल्या शीर्षकांखाली न घालता एकमेकींशी जुळणाऱ्या एकत्र ठेवाव्यात. गटाला 'आरोग्य' किंवा 'मजुरी' असे नाव देऊ नये. 'ओटी भरलेली असली तरी धुरा लांब असल्यामुळे ती रिकामी करणे टाळले जाते' असे पूर्ण वाक्य द्यावे. असे वाक्य हाती आले की प्रश्न ओटीच्या शिवणीचा नसून गाठोडे कोठे ठेवायचे याचा आहे, हे ध्यानात येते आणि डिझाइनची दिशाच बदलते. प्रत्येक गटासाठी त्याच्या विरोधात जाणारी एक तरी चिठ्ठी मुद्दाम शोधावी.

हंगाम, लेखन आणि परतफेड

विद्यापीठाचे वेळापत्रक आणि शिवाराचे वेळापत्रक जुळत नाही. वेचणी साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन दोन-तीन महिने चालते. तोपर्यंत प्रश्न, संमतीचे कागद आणि नोंदींचे तक्ते तयार नसतील, तर वर्ष जाते. म्हणून पावसाळ्यात, निंदणाच्या दिवसांत, या सगळ्याची एक रंगीत तालीम निंदणाच्याच कामावर करून घ्यावी.

पद्धतीचे प्रकरण शेवटी आठवून लिहिण्याऐवजी रोजच्या वहीतून महिन्याला थोडे थोडे लिहीत जावे. त्यात काय केले, ते का केले आणि काय करता आले नाही, हे दुसऱ्या विद्यार्थ्याला तसेच करून पाहता येईल इतक्या तपशिलाने असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या मजकुराशी असलेल्या दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण याचा अर्थ दहा टक्के उचलण्याची मुभा आहे असा नव्हे. पीएच.डी.ला गेल्यावर २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि त्यात संशोधनपद्धती व प्रकाशननैतिकता असतेच. ज्याने एक हंगाम असा घालवला आहे, त्याला तेथे नवीन असतील ती बहुधा नावेच.

प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन पानांचा मराठी गोषवारा तयार करून तो ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना, सवडीच्या संध्याकाळी, वाचून दाखवावा. हे सादरीकरणानंतर नव्हे तर आधी करावे, कारण ऐकताना कोणीतरी हमखास म्हणते की हे असे नाही, तुम्ही उलट लिहिले आहे. आणि तेव्हा प्रकरण दुरुस्त करण्यास वेळ हाती असला पाहिजे. ज्या मुद्द्यावर एकमत होणार नाही, तेथे आपले मत आणि त्यांचे मत दोन्ही शेजारीशेजारी, कोणाचे कोणते ते स्पष्ट सांगून, प्रबंधात ठेवावे.